पुस्तकं निवडायला गेले तो गुरुवार

यंदा काजूचा मोहोर दोनदा करपला. बी आली ती निम्मीच. एरवी एप्रिलात आमच्या कारखान्यात पोती छपराला टेकतात, यंदा ती एका कोपऱ्यात मावली. त्यातच शेठने आपोआप बी कापणारं मशीन आणलं. ताडपत्रीत गुंडाळलेलं ते धूड शेडच्या दारात आठ दिवस उभं होतं आणि आम्ही बारा बायका त्याच्याकडे न बघता आत-बाहेर करत होतो.

मी मैना. बारावी पास. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. राजापूरपासून सात किलोमीटरवर आमची वाडी. नवरा मुंबईत वॉचमन. घरात मी आणि सासू, मथुरा. मी तिला आये म्हणते. ती बावीस वर्षं काजू कापते, मी नऊ. बाराजणींत लिहितावाचता येणारी मी एकटीच.

काम कसं, तर वाफवलेली बी पात्यात धरायची, पायाने दांडा दाबायचा, दोन फाका झाल्या की सुईने आतला गर अख्खा काढायचा. गर तुटला की मुकादम बोलणार. टरफलातून काळं तेल सुटतं, ते बोटं जाळतं. आम्ही राख चोळतो, खोबरेल लावतो, तरी कातडी पापुद्र्यांनी निघते. आयेची बोटं तर नुसती गुळगुळीत झाली आहेत, रेषा डोळ्याला दिसतही नाहीत.

त्यामुळे रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठत नाही. मशीनवर एकदा ठेव, दोनदा ठेव, पुसून ठेव, पदराला घासून ठेव. मागे रांग खोळंबते, माणसं चुकचुकतात. "मावशी, बाजूला व्हा," असं दुकानदार म्हणतो. हे तिने सहा महिन्यांत इतक्यांदा ऐकलं, की आता ती रांगेतच बाजूला सरकून उभी राहते. अकराजणींची हीच गत. केवायसी झाली नाही तर कार्डावरचं नाव कमी होणार, असं कुणीतरी सांगून ठेवलेलं. तेव्हापासून वाडीत सकाळ-संध्याकाळ अंगठ्याचीच चर्चा.

दुपारच्या सुट्टीत डबे खाऊन झाले की शेडच्या मागे फणसाखाली मी साक्षरतेचा वर्ग घ्यायचे. रत्नागिरीच्या एका संस्थेने मला स्वयंसेविका केलं होतं आणि शिकवावं कसं त्याचं एक पुस्तक दिलं होतं. त्यात लिहिलेलं, 'अध्ययनार्थीच्या पूर्वानुभवाशी अनुबंध साधावा.' मी तीनदा वाचलं. मलाच कळेना तर साधणार काय, कपाळ. पुढे लिहिलेलं, 'पेन्सिल तीन बोटांत हलकेच धरावी.' आमच्या चिमाकाकीची तीच तीन बोटं फुटलेली. ती खडू मुठीत धरायची आणि कातळावर खांद्यापासून हात फिरवून ग काढायची. ग आधी, कारण गर. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

मी एकदा चिडून संस्थेला चार पानी पत्र लिहिलं. हे पुस्तक ज्याने लिहिलं त्याने साठ वर्षांच्या बाईला कधी शिकवलं आहे का, असं सरळ विचारलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं ते भलतंच. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नवी पुस्तकं निवडायची आहेत, निवड समितीत तुमचं नाव घेतलं आहे, गुरुवारी अकरा वाजता रत्नागिरीला यावे. पत्रावर माझं पूर्ण नाव छापलेलं. मी ते घडी न करता घरी नेलं.

आता खरं सांगायचं तर मी फुगले. नऊ वर्षं टरफलात बसलेल्या बाईला कुणी समितीत बोलावतं, म्हणजे काय खायचं काम आहे? आणि मला खरंच वाटत होतं, की एक बरं पुस्तक निवडून आणलं तर पुढच्या शंभर वर्गांचं भलं होईल.

पण त्याच आठवड्यात नितेशने शेडमध्ये सांगितलं होतं, की मशीन चालू होण्याआधी सगळ्यांकडून एक कागद भरून घ्यायचा आहे. नितेश आमच्याच वाडीतला, शेठचा सुपरवायझर. आम्हाला सगळ्यांना काकी म्हणतो. कागद कसला ते त्याने सांगितलं नाही. बायकांनी जेवताना मला घेरलं.

"मैने, तू वाचल्याबिगर आमी कोन हात लावनार नाय," चिमाकाकी म्हणाली.

"मी वाचल्याशिवाय कोणी लावायचाही नाही," मी म्हटलं. अशा ऐटीत म्हटलं की काय सांगू.

बुधवारी मी नितेशला गाठलं. तो मशीनची ताडपत्री सोडत होता.

"नितेश, तो कागद उद्या आहे काय?"

"उद्या कसला? शनवारी बघू. तू जा काकी रत्नागिरीला. वाडीचं नाव होतंय तर जा."

घरी आयेला सांगितलं. ती चुलीपुढे बसून हातांना राख चोळत होती.

"नको जावस," ती म्हणाली.

"का गो? तो शनिवारी म्हणतो."

"त्येची नदर तुज्याकडं नव्हती, मशीनकडं व्हती. शनवार झाल्यावर जा खय जायचा तिकडं."

"समिती शनिवारी नाही ना भरत माझ्यासाठी."

ती परत राख चोळायला लागली. मी साडी इस्त्रीला टाकून आले.

सकाळी सहाची एसटी धरली. हायवेचं काम चालूच, धुळीने नाक-तोंड भरलं. हातखंब्याला गाडी बदलली. भाट्याच्या वाटेवर संस्थेचा हॉल, तिथे सव्वादहालाच पोचले. आत शिपाई खुर्च्या मांडत होता. माझ्याआधी एक बाई येऊन बसलेली, नाटे गावची समरीन. खाडीवर मासळी सुकवणाऱ्या बायकांना शिकवते. तिच्या पिशवीत वही होती, वहीत तिच्या बायकांनी काय काय सांगितलं ते उतरवलेलं. मीही माझा कागद काढला. आमच्या दोघींच्या यादीत पहिलं एकच होतं, अक्षर मोठं पाहिजे.

टेबलावर बेचाळीस पुस्तकं लावलेली, बरीचशी प्लास्टिकमध्ये. अकरा वाजले, समितीतल्या आणखी दोघी आल्या, बारा वाजले. विनीत सर अजून यायचे होते, ते समितीचे प्रमुख. समरीन आणि मी मग पुस्तकं बघायला लागलो. एक बारकं पुस्तक प्लास्टिकमध्ये नव्हतं. जाड अक्षर, चित्रं साधी. पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'शिकायला आलेली बाई तुमच्याहून मोठी आहे. तिला आधी पाणी विचारा. ती दमून आली आहे.' पुढे, हात दुखणाऱ्याला जमिनीवर कसं लिहायला द्यावं. नाव आधी, बाराखडी मागाहून. न कळता सही करायची वेळ आली तर नाही कसं म्हणायचं, याचा अख्खा एक धडा. मी उभ्याउभ्या चौदा पानं वाचली. असं वाटलं की माझ्या शेडमध्ये बसून कुणी लिहिलं आहे.

"हेच," मी समरीनला म्हटलं.

"हेच," ती म्हणाली. "बाकी सगळी परत करा म्हणावं."

विनीत सर पाऊण वाजता आले. बोलायला गोड माणूस. उशीर झाला म्हणून त्यांनी हात जोडले, चहा मागवला, संस्थेचं काम किती वाढलं आहे ते अर्धा तास सांगितलं. मग जेवण. जेवणानंतर फोटो. आम्हाला प्रत्येकीला हातात एकेक पुस्तक धरायला दिलं, प्लास्टिक काढून. फोटो झाल्यावर शिपायाने ती परत घेतली.

अडीच वाजता त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. तीन पुस्तकांची नावं आधीच छापलेली. आमचं बारकं पुस्तक त्यात नव्हतं.

"सर, हे एक फार चांगलं आहे," मी ते उचलून दाखवलं.

त्यांनी हातात घेतलं, मागची बाजू बघितली. "चांगलं आहे हो ताई. पण याच्या प्रती इतक्या मिळायच्या नाहीत. ही तीन तयार आहेत. आजचं म्हणजे आपलं फॉर्मॅलिटीचं आहे."

"मग आम्हाला बोलावलंत कशाला?" समरीनने विचारलं.

"तुमचा अनुभव, ताई. तळातला माणूस समितीत हवाच."

कागदावर वर लिहिलेलं, 'आम्ही खालील पुस्तके पूर्ण वाचून व चर्चा करून एकमताने निवडली आहेत.' एवढं मी वाचलं. खाली अजून एक परिच्छेद होता, बारीक अक्षरातला. माझी एसटी तीनची होती. ती चुकली की थेट पाचची, म्हणजे घरी पोचायला काळोख.

"मी वाचल्याबिगर सही करत नाही," समरीन म्हणाली. तिने तिन्ही पुस्तकं ओढून घेतली आणि खुर्चीत मांडी घालून पहिलं उघडलं. "माझ्या बायका मला विचारतील."

विनीत सर हसले, बाकीच्या दोघींच्या सह्या घेतल्या. मग माझ्याकडे वळले. "मैनाताई, तुमची गाडी आहे ना तीनची? तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार. एवढ्या एका शब्दाला मी विकली गेले. पेन घेतलं आणि सही केली. सुंदर सही आहे माझी, मोठा म, खाली रेघ. समरीनने मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत वाचायला लागली. मी चपला घालून धावत सुटले.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मनाची समजूत घालत राहिले, की पुढच्या वेळी बोलू, ओळख तर झाली. हातखंब्याला गाडी अर्धा तास अडकली. घामाने इस्त्रीची साडी अंगाला चिकटली.

घरी पोचले तेव्हा साडेसहा झाले होते, अजून उजेड होता. आये पडवीत बसलेली. मला बघून उठली. तिला इतकी हसरी मी वर्षभरात बघितली नव्हती. उजवा अंगठा तिने माझ्या तोंडापुढे धरला. जांभळा झालेला.

"उठला गो," ती म्हणाली. "माजा अंगठा उठला."

"कुठे उठला?"

"शेडात. नितेशनं शाईचा डबा आनला व्हता. म्हनाला, अंगठा साफ उठला पायजे, नायतर चालायचा नाय. पयला उठंना. मग चिमीनं लिंबू आनलान, सगल्यांनी चोळला, गरम पान्यात बुडवून बसलो. परत लावला तरी उठंना. मग खोबरेल लावून पुसला. तिसऱ्या टायमाला सगल्या रेगा दिसल्या बघ. माजा सगल्यात साफ. नितेश म्हनाला, मथुराकाकी पास."

"कागदावर काय होतं?"

"केवायशीचा. रेशनचा."

"असं नितेश म्हणाला?"

ती आठवायला लागली. "तो काय बोल्ला नाय. मागल्या म्हैन्यात रेशनकार्डाच्या झेराक्स घेतल्यान नाय का? म्हनून आमी समजलो."

"सगळ्यांनी लावले?"

"अकराबी जनींनी. दोन तास गेलं. कोनाचा उठला की बाकीच्या टाळ्या वाजवत व्हत्या."

"मी म्हटलं होतं ना गो, मी वाचल्याशिवाय लावायचा नाही." मी ओरडले. पडवीत, पिशवी हातातच, शेजारणी ऐकतील याचीही लाज नाही. "एक दिवस. एक दिवस मी नाही तर तुम्ही रांग लावून अंगठे दिलेत? लिंबू चोळून?"

आयेचा चेहरा उतरला. तिने अंगठा मुठीत घेतला. सहा महिने ज्या बाईला बाजूला व्हा म्हणत होते, ती आज पास झाली होती. आणि मी आल्याआल्या तिची माती केली. पाणीसुद्धा तिनेच मला आणून दिलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही बाराहीजणी गेलो तर फाटक लावलेलं. आतून मशीनचा आवाज येत होता. नितेश बाहेर आला, माझ्याकडे बघणं टाळत.

"कागद दाखव," मी म्हटलं.

"कशाला काकी तमाशा?"

"दाखव म्हणते ना."

त्याने फाईल आणली. एकाखाली एक अकरा कागद, छापील, नावापुरती जागा पेनाने भरलेली. मी फाटकाच्या गजांतून हात घालून पहिला धरला आणि मोठ्याने वाचला. 'मी माझ्या स्वखुशीने काम सोडत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हा मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला समजला आहे. यापुढे माझा कारखान्याशी काहीही संबंध राहिलेला नाही.'

चिमाकाकी फाटकाला धरून खाली बसली.

"वाचून दाखवलास तू हे?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं नाय. मी विचारा म्हनून सांगू काय?" नितेश म्हणाला. मग आवाज उतरवून, "माझ्या हातात काय हाय, काकी? मला शेठ बोल्ले, ह्या आठवड्यात झालं पायजे. तू असतीस तर झालं नसतं, म्हनून..." मग तो म्हणाला, "तुझा कागद नाय केलेला. तू सोमवारपासून ये. मशीनवर आकडे बघायला शिकलेली बाई पायजे."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. कागदांचे फोटो काढून घेतले, त्याने काढू दिले. राजापूरला एका वकिलाला दाखवले. तो म्हणाला, ठसे इतके स्वच्छ आहेत की नाकबूल कसे करणार, तरी बघू. ते बघू अजून चालू आहे.

संध्याकाळी आयेने मला मोबाईलवरून तो कागद पुन्हा वाचायला लावला. दोनदा.

"सवखुशीनं म्हंजे?"

"म्हणजे तुझ्या मनाने."

"माज्या मनानं." तिने ते दोन शब्द तोंडात घोळवले. मग विचारलं, "तू कसली पुस्तकं निवडून आलीस?"

"निवडली नाहीत. आधीच ठरलेली होती. सही केली."

"वाचून?"

"नाही. गाडी होती."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. चुलीतलं लाकूड पुढे सारलं. काल मी पडवीत ओरडले त्यातला एकेक शब्द मला तेव्हा लागला. बारावी पास बाई, काय उपयोग. त्या अकराजणींना निदान वाचता येत नव्हतं.

शनिवारी नवऱ्याचा फोन आला. दोघी घरी बसलात तर कसं चालेल, तू जा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, थुंकते त्या नोकरीवर. रविवारभर मी तेच म्हणत राहिले. सोमवारी उठले तर आये चुलीवर भाकरी भाजत होती आणि माझा डबा भरून झाला होता.

"आये, मी जात नाही."

"जा," ती म्हणाली. "एकीनं तरी जावा."

फाटकाशी चिमाकाकी आणि आणखी तिघी बसल्या होत्या. काहीतरी होईल म्हणून रोज येऊन बसत होत्या. मला डब्यासकट बघून त्यांनी पाय जवळ घेतले, मला वाट दिली.

"जा गो बाय," चिमाकाकी म्हणाली. "तू वाचतस ना. जा, वाच जा."

मी गेले. काय करणार होते? दिवसभर मशीनच्या काचेवरचे आकडे बघून वहीत उतरवले. बाराजणींच्या जागा रिकाम्या, पाती तशीच लावलेली. हात स्वच्छ राहिले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेचं खोकं घरी आलं. नव्या पुस्तकांच्या दहा प्रती, पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण आणि त्यात मी अनुभव सांगायचा असं पत्र. पुस्तक उघडलं. 'अध्ययनार्थीच्या भावविश्वाशी समरस व्हावे.' मागच्या पानावर निवड समितीची नावं छापलेली, चारच. समरीनचं नव्हतं.

आये भिजलेली लाकडं आत घेत होती. हात पुसून जवळ आली. "काय लिवलाय?"

मी वाचून दाखवलं, की ह्या समितीने हे पुस्तक पूर्ण वाचून निवडलं आहे, आणि खाली माझं नाव.

"खय?"

मी बोट ठेवलं. ती वाकली. चुलीच्या उजेडाकडे पान तिरपं केलं. तिला म येत होता, फणसाखाली तेवढाच येऊन राहिला होता. मथुराचा म. तो तिने माझ्या नावात ओळखला आणि नखाने दाखवला.

"हे खोटं हाय ना?" तिने विचारलं.

"हो."

मी ते पुस्तक चुलीकडे नेलं. खरंच घालणार होते. तिने माझ्या हातातून काढून घेतलं, पदराने पुसलं आणि फळीवर डब्यांच्या मागे उभं करून ठेवलं.

"ऱ्हाव दे," ती म्हणाली. "तुजा नाव हाय त्येच्यात."

मग ती उरलेली लाकडं आणायला बाहेर गेली आणि मी दुसऱ्या दिवशीच्या डब्याचे तांदूळ निवडायला बसले.